हे पान तयार होत आहे

वहिनी,

तुमचा फोन अजून वाजतो. वाजणारच. तुमच्या वेबसाइटवर सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत तो नंबर आहे आणि तो तिथेच असावा हा तुमचा हट्ट होता. मी म्हणालो होतो की आधी दोन ओळी स्वागताच्या असाव्यात, मग नंबर. तुम्ही म्हणालात, "भावोजी, ज्याच्या दुकानातली बिलं निघत नाहीयेत त्याला तुमचं स्वागत नकोय." नंबर वर गेला. स्वागत गेलं ते गेलंच.

फोन सध्या फ्रिजवर असतो. दादा तो उचलत नाही. वाजायला लागला की बाल्कनीत जाऊन उभा राहतो, थांबला की आत येतो. पण जेवणं झाली की न चुकता तो चार्जिंगला लावतो. मी बघतो आणि काही बोलत नाही. आमच्या घराण्याची ही सवय तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला 'वेल्हणकरांचं मौन' म्हणायचात, आणि म्हणताना असा चेहरा करायचात की जणू तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एखादा त्वचारोग असावा.

तुमचं दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळून परत गेल्या. त्यानंतर एका सकाळी दादा म्हणाला, "विनू, ती वेबसाइट बंद करून टाक. म्हणजे फोन थांबतील." मी "बघतो" म्हणालो. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. साइटची वर्षाची मुदत संपत आली आहे. तशी मेल मला आली, कारण त्या खात्यावर तुम्ही तुमच्याबरोबर माझाही पत्ता घालून ठेवला होता. मी काहीच केलं नाही तरी ती आपोआप बंद पडेल, आणि काहीच न करणं मला चांगलं जमतं. पण साइट गेली की ते पानही जाईल, ज्यावर 'आमच्याविषयी' असा मथळा आहे आणि खाली इतकी वर्षं एकच ओळ आहे: 'हे पान तयार होत आहे.' त्या ओळीवरून तुमचं-माझं भांडण चालू होतं. ते अर्धवट ठेवून तुम्ही गेलात. एरवी तुम्ही कुणाचं काम अर्धवट ठेवायचा नाहीत.

तुम्ही हिंजवडीला जात होतात त्या काळातलं मला तुमचं जाणं आणि येणंच काय ते आठवतं. सकाळी कंपनीची बस गाठायला जिना उतरतानाची तुमची पावलं, आणि संध्याकाळी ट्रॅफिकने पिळून काढलेला चेहरा. मधल्या वेळात तुम्ही तिथे नेमकं काय करता हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई लोकांना सांगायची, "आमची सून कॉम्प्युटरमध्ये असते." तुम्ही त्यावर कधी हसला नाहीत, फक्त एकदा म्हणालात, "असते खरी. बाहेर काढतात ते अंधार पडल्यावर."

मग एक दिवस तुम्ही भर दुपारी रिक्षाने घरी आलात. दादाला वाटलं, ताप आला. तुम्ही चपला काढल्या, पाय धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि म्हणालात, "कमी केलं."

"काय कमी केलं?" दादाने विचारलं.

"मला."

नातेवाइकांना ते सांगताना आम्ही सगळे 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द वापरू लागलो. कुणी ठरवलं नव्हतं, तो आपला पुढे आला, जसा अशा वेळी सोयीचा शब्द येतो. तुम्हाला तो चालला नाही. एका मुंजीत माझ्या चुलतबहिणीने पंगतीत विचारलं, "काय गं सुनीता, स्वेच्छानिवृत्ती घेतलीस म्हणे?" तुम्ही म्हणालात, "घेतली नाही. कंपनीने काढलं. मठ्ठा घेणार का अजून?" चुलतबहिणीने मठ्ठा घेतला.

त्यानंतर तुम्ही कसबा पेठेत, एका बुकबाइंडरच्या दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेतलीत. 'वेल्हणकर आयटी सल्ला' अशी पाटी लावलीत. पेठेतले दुकानदार, दवाखाने, क्लासवाले, एखादं मंगल कार्यालय, यांच्याकडे कॉम्प्युटर होते, पण ते काय विकत घ्यावं, काय घेऊ नये, बिघडलं तर कुणाला विचारावं हे सांगणारं कुणी नव्हतं. ते सांगायचं, असं तुमचं काम. मी त्या खोलीवर पहिल्यांदा आलो तेव्हा खाली खळ शिजल्याचा वास येत होता आणि वर तुम्ही स्टुलावर उभ्या राहून वायर ठोकत होतात. मला म्हणालात, "वेबसाइट करायचीय. बांधायचं काम माझं. शब्द तुमचे."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. दुसऱ्यांचे शब्द कपाटात नीट लावून ठेवणं हे माझं काम. माझे शब्द असे कुणी मागितले नव्हते. मी आठवडाभर बसून मजकूर लिहिला आणि रविवारी दुपारी तुमच्या जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'माहिती-तंत्रज्ञानाच्या या झंझावाती युगात लघुउद्योजकाची नौका सुखरूप पैलतीरी नेण्यासाठी...' दादा पेपर वाचत होता, त्याने पेपर थोडा वर धरला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत.

"चांगलं आहे," तुम्ही म्हणालात. "माणूस टाळ्या वाजवेल आणि दुसरीकडे फोन करेल."

"मग काय लिहू?"

"लिहिण्याआधी बघायला चला."

म्हणून मी तुमच्याबरोबर नारायण पेठेतल्या त्या दातांच्या दवाखान्यात आलो. डॉक्टरबाईंचा प्रिंटर चालत नव्हता, बाकावर पेशंट खोळंबले होते, बाई वैतागलेल्या. मला वाटलं तुम्ही जाऊन यंत्राला हात घालाल. तुम्ही पेशंटांच्या बाकावर जाऊन बसलात. मीही बसलो. शेजारच्या आजोबांनी गाल धरून विचारलं, "तुमची अक्कलदाढ का?" तुम्ही म्हणालात, "नाही, यांची. अजून यायचीय," आणि माझ्याकडे बोट दाखवलंत. बराच वेळ तुम्ही नुसतं काउंटरकडे पाहत राहिलात. मग उठून त्या मुलीला विचारलंत, "काल चालत होतं ना?"

"हो, काल व्यवस्थित होतं."

"मग काल आणि आजच्यात काय हललं?"

"काहीच नाही हो मॅडम."

तुम्ही काही बोलला नाहीत. नुसत्या उभ्या राहिलात. त्या गप्प राहण्यात दटावणी नव्हती, घाई नव्हती. समोरच्याला आठवायला जागा करून देणं होतं. आणि मग त्या मुलीला आठवलं की सकाळी झाडताना टेबल पुढे ओढलं होतं. टेबलामागची वायर निम्मी सुटली होती. तुम्ही ती बसवलीत आणि निघालात.

जिना उतरताना मी म्हणालो, "एवढंच होतं तर फोनवर सांगता आलं असतं."

"आलं असतं. पण मग पुढच्या वेळी तिला पुन्हा मीच लागले असते. आता ती आधी वायर बघेल." दोन पायऱ्या उतरून म्हणालात, "काहीच हललं नाही, असं कधी नसतं भावोजी. लोकांना हललेलं दिसत नाही, इतकंच."

त्या रविवारी मी झंझावात आणि नौका दोन्ही काढून टाकली.

तुम्ही तयार साचा घेतला होता. त्यात आधीपासून एक चित्र होतं: कोटातली चार गोरी माणसं एका लॅपटॉपभोवती हसत उभी आणि एकजण पडद्याकडे बोट दाखवतोय. तुम्ही ते काढलंत. "हा बोट दाखवणारा आपल्याकडे कामाला नाही." तुमचा फोटो टाकू म्हटलं तर "कशाला? मी काय उमेदवार आहे?" मग त्या साच्यात 'आमच्या सेवा' म्हणून सहा चौकटी होत्या आणि तुमच्या सेवा तीनच. तुम्ही चौकटी कमी करायला बसलात, त्या होईनात. एक काढली की बाकीच्या वेड्यावाकड्या सरकायच्या. मी सहज म्हणालो, उरलेल्या तीन चौकटींत आपण काय करत नाही ते लिहू. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तसं तुम्ही माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे कामाचा माणूस म्हणून.

'गरज नसलेली वस्तू घ्यायला सांगत नाही.' 'मुलांच्या मोबाइलला कुलूप लावून देत नाही, त्यांच्याशी बोलावे.' 'तुमचे पासवर्ड आमच्याकडे ठेवत नाही.' तुमच्या साइटवर लोकांनी सगळ्यांत जास्त वाचल्या त्या या तीन चौकटी. तांबट आळीतले भांड्यांचे शेठ म्हणाले होते, काय करतात ते सगळेच सांगतात. हे काय करणार नाहीत ते सांगतात म्हणजे बरी माणसं दिसतात.

माझी मोठी चूकही त्याच साइटवर झाली. फोन नको असेल त्याने निरोप लिहावा म्हणून एक रिकामी चौकट होती. तिच्यावर सूचना काय लिहायची, तुम्ही मला विचारलंत आणि मोदकाचं सारण हलवायला आत गेलात. मी लिहिलं: 'आपली अडचण मोजक्या, शुद्ध आणि पूर्ण वाक्यांत लिहावी.' मला ते अगदी स्वाभाविक वाटलं. तुम्हीही वाचून मान डोलावलीत, म्हणजे दोष निम्मा तुमचाही आहे. कित्येक दिवस एकही निरोप आला नाही. मग एक आला, एका निवृत्त प्राध्यापकांचा, 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' अशी सुरुवात असलेला, ज्यात त्यांच्या प्रिंटरचा जन्मापासूनचा वृत्तांत होता आणि अडचण काय ते शेवटपर्यंत नव्हतं. आणि एक दिवस भांड्यांचे शेठ स्वतः जिना चढून आले. "बाई, तिथे लिहायची भीती वाटली. शाळेत असताना आमचं शुद्धलेखन..." तुम्ही इतक्या हसलात की खालून बुकबाइंडर विचारायला आला, काय झालं. ती चौकट त्याच दिवशी गेली. त्यानंतर कधी मी फार लांबण लावली की तुम्ही म्हणायचात, "भावोजी, मोजक्या, शुद्ध आणि पूर्ण."

मी हे सगळं आठवतो तेव्हा मला प्रश्न पडतो की त्या रविवारांचं मी काय केलं असतं. एकटा माणूस, पुस्तकं भरपूर, बोलायला कुणी नाही, आणि पुस्तकं उलट बोलत नाहीत. तुम्ही उलट बोलायचात. माझं एक वाक्य घेऊन त्यातले निम्मे शब्द काढायचात आणि उरलेलं मला परत द्यायचात, आणि ते नेहमी बरं झालेलं असायचं. माझी वाक्यं वाचून कुणी जिना चढून आला, कुणाचं बिल निघालं, कुणाची अक्कलदाढ वेळेवर काढली गेली. आयुष्यभर पुस्तकं सांभाळली त्यात हे सुख नव्हतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वेल्हणकरांचं मौन.

आता त्या पानाकडे येतो.

सगळी साइट झाली, एक 'आमच्याविषयी' राहिलं. मी मजकूर दिला. त्यात तुमचं शिक्षण होतं, 'माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव' होता, आणि मग 'स्वतंत्र व्यवसायाच्या ओढीने' असे शब्द होते. तुम्ही तिथे थांबलात.

"ओढ कुठली?"

"असं लिहितात वहिनी."

"मला ओढ नव्हती. मला काढलं. काढलं नसतं तर मी अजून बसमध्येच असते."

"ते लिहायची काही गरज नाही. तेवढं गाळू."

"गाळून लिहायचं असेल तर नकोच."

"अहो, पण लोक विश्वासाने येतात. काढून टाकलेल्या माणसाकडे..."

बोलता बोलता मी थांबलो, आणि तुम्ही मला थांबू दिलंत. मग म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. लोक विचार करतील. म्हणूनच म्हणते, राहू दे. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहायची माझी अजून हिंमत नाही. तोपर्यंत 'तयार होत आहे' लिहा." दादा आतल्या खोलीत होता. तुम्ही आवाज कमी केला नव्हता, पण ते वाक्य तुम्ही फक्त मला सांगितलं असं मला वाटतं.

त्यानंतर दर दिवाळीला मी विचारायचो, "पान कधी करायचं?" आणि तुम्ही काहीतरी सांगून टाळायचात. मला ती ओळ डोळ्यांत खुपायची. एवढ्या नीटनेटक्या साइटवर ती एक अर्धवट वीट. मी म्हणायचो, निदान मथळा तरी काढू. तुम्ही तोही काढू दिला नाहीत. "असू दे. होईल कधीतरी." आता वाटतं, मथळा ठेवण्याचा तुमचा हट्ट हेच त्याचं उत्तर होतं. जे कधीच करायचं नसतं त्याची जागा माणूस राखून ठेवत नाही.

शेवटचं आपण त्यावर बोललो ते तुमच्या खोलीच्या जिन्यात. पेठेत मांडवांचे वासे रचून ठेवले होते, रस्ता निम्मा झाला होता. मी वर येत होतो, तुम्ही खाली जात होतात. मी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "भावोजी, ते पान आता करून टाकू. गणपती होऊन जाऊ देत, मग बसू." मी म्हणालो, "सगळं लिहायचं?" तुम्ही म्हणालात, "बघू." आणि फोन वाजला म्हणून पुढे गेलात.

गणपती होऊन गेले. आपण बसलो नाही.

तुम्ही गेल्याची बातमी पेपरात द्यायची होती. दादाला काही सुचत नव्हतं, मला तर लिहिण्याचा विचारही करवत नव्हता. त्याच चुलतबहिणीने मजकूर केला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'नामांकित आयटी कंपनीतून निवृत्त.' दादाने वाचलं. मोठ्याने एकच शब्द म्हणाला, "निवृत्त?" आणि पेपर घडी करून माझ्या हातात दिला. मला त्या क्षणी तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला, मठ्ठ्याची पळी हातात धरून विचारताना.

तुम्ही गेल्यावर मला एक धास्ती होती. एवढे दवाखाने, दुकानं, क्लास; सगळ्यांची यंत्रं तुम्हीच लावलेली. आता त्यांचं काय अडेल, कोण येऊन काय मागेल. कुणाचंच काही अडलं नाही. तुम्ही प्रत्येकाची किल्ली त्याच्याच हातात ठेवली होती. डॉक्टरबाई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आम्हाला त्या सारखं म्हणायच्या, माझ्यावाचून चाललं पाहिजे. तेव्हा मला ते तुटक वाटायचं." मग त्या रडायला लागल्या आणि दादाने त्यांना पाणी दिलं. ती चौकट मी लिहिली होती, 'तुमचे पासवर्ड आमच्याकडे ठेवत नाही,' आणि मला तिचा अर्थ इतक्या वर्षांनी कळत होता.

मी गेल्या आठवड्यात पान लिहायला बसलो. आता मला अडवायला कुणी नव्हतं. तुमच्याबद्दल जे जे म्हणायचं होतं ते सगळं लिहिलं. कष्टाळू, निःस्पृह, मार्गदर्शक. भरभरून लिहिलं. आणि वाचलं तर त्यात तुम्ही कुठेच नव्हतात; एखाद्या सत्कार समारंभाची पत्रिका होती ती. तरी दादाला दाखवलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "तिने ठेवलं नसतं."

"मग?"

"मग काही नाही. बंदच करायचीय ना साइट."

तेवढ्यात फ्रिजवरचा फोन वाजायला लागला. दादा सवयीने उठला आणि बाल्कनीकडे निघाला. दारापर्यंत गेला. तिथे उभा राहिला. मग वळला, आणि येऊन फोन उचलला.

मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. कोथरूडमधलं एक पाळणाघर, तिथल्या बाई. इंटरनेट बंद पडलंय, आईबापांना कॅमेऱ्यात मुलं दिसत नाहीयेत, सगळे फोन करून हैराण करतायत, वेल्हणकर मॅडम आहेत का.

"त्या नाहीत," दादा म्हणाला.

"कधी येतील?"

मी हात पुढे केला, फोन मला दे म्हणून. त्याने दिला नाही.

"मी त्यांचा नवरा बोलतोय. काल चालत होतं ना?"

"हो, काल संध्याकाळपर्यंत होतं."

"मग काल आणि आजच्यात काय हललं?"

"काहीच नाही हो."

आणि वहिनी, दादा थांबला. अगदी तुमच्यासारखा. फोन कानाला, नजर समोरच्या भिंतीवर, चेहऱ्यावर काही नाही. इतकी वर्षं तुम्ही जेवणाच्या टेबलावर, स्वयंपाकघरात, कूकरची शिट्टी होताना फोनवर हे बोलत होतात आणि तो पेपरमागे बसलेला असायचा. मला वाटायचं तो पेपर वाचतोय.

पलीकडे काही हालचाल झाली, कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, "अहो, रंगारी आला होता सकाळी. कपाट सरकवलंय त्याने."

"कपाटामागे बघा. वायर सुटली असेल."

थोडा वेळ गेला. मुलांचा गलका, काहीतरी ओढल्याचा आवाज. मग, "झालं, झालं. दिवा लागला. थँक्यू हं. मॅडमना सांगा, झालं म्हणून."

"सांगतो," दादा म्हणाला.

फोन ठेवून तो तिथेच फ्रिजला टेकून उभा राहिला. मी उठलो नाही. आमच्याकडे अशा वेळी कुणी उठून जवळ जात नाही, हे तुम्ही जाणता. तुम्ही असतात तर तुम्ही गेला असतात. पण मी खुर्ची ओढली, माझ्या शेजारची, आणि थोड्या वेळाने तो येऊन तिच्यावर बसला.

"तिला सांगितलं पाहिजे," तो म्हणाला.

"हो."

"साइट बंद केलीस?"

"नाही."

"नको करूस. मुदत वाढव." मग चष्मा पुसत म्हणाला, "पण लोकांना खरं काय ते कळायला हवं. त्या बाईला मी सांगू शकलो नाही. तोंडाने नाही जमत मला. तू लिही. आणि निवृत्त लिहू नकोस."

"दादा, ते लिहू? काढलं ते?"

"तेच लिही आधी. तिच्या मनात होतं ते."

"तुला माहीत होतं?"

"मी आतच होतो, विनू. घर केवढंसं आहे."

मग आम्ही दोघं तुमच्या टेबलावर बसलो. मी वाक्य म्हणायचो, तो त्यातले शब्द काढायचा. त्याला ते इतकं चांगलं जमतं हे मला ठाऊक नव्हतं. 'दुःखद निधन' काढलं. 'अत्यंत' काढलं. 'आपल्या लाडक्या' म्हणेपर्यंत त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. शेवटचं वाक्य त्याने स्वतः सांगितलं, मी फक्त टाइप केलं. त्याआधीचं एक वाक्यही त्याचंच. मी ते नको म्हणालो होतो, तो म्हणाला, लोकांना फसवायचं नाही.

'हे पान तयार होत आहे' ही ओळ मी आज सकाळी काढली. काढण्याआधी दोनदा वाचली, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं तिचा राग केला आणि शेवटी ती तुमच्याच हातची वाटायला लागली होती. पण जागा तुम्ही राखून ठेवली होती ती भरण्यासाठीच. मुदत वाढवली आहे. नंबर आहे तिथेच, सगळ्यांत वर. फोन फ्रिजवरून खाली आला आहे आणि दादाच्या खिशात असतो.

पान तुमच्या नजरेखालून जायला हवं म्हणून इथे उतरवून देतो. मोजकं आहे, शुद्ध आहे, वाक्यं पूर्ण आहेत. गाळलेलं काही नाही.

'आमच्याविषयी.

सुनीता वेल्हणकर यांना कंपनीने कामावरून काढले. त्यानंतर त्यांनी हे काम सुरू केले. त्या आता नाहीत. नवीन काम घेतले जात नाही. ज्यांचे काम त्यांनी केले आहे त्यांचे काही अडल्यास वरील नंबरवर फोन करावा. त्यांचे यजमान उचलतील. त्यांना संगणकातले फारसे कळत नाही. फोन करण्यापूर्वी काल आणि आजच्यात काय हलले ते बघून ठेवावे.'